अस्वल कोणासाठी शिवायचं?

डिचोली तालुक्यातल्या एका गावातून आलेलं पत्र. लिहिणाऱ्या ताई चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत. घरी ब्लाउज, फॉल-पिको, दुरुस्ती अशी कामं घेतात. यजमान पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्यापासून कधी भाड्याची पिकअप, कधी कोणाची बदली, असं चाललं आहे. मुलगी दहावीला, मुलगा सातवीत. काही वर्षांपूर्वी शिवोलीत भाड्यानं राहणाऱ्या एका जर्मन आजींनी आपलं लहानपणचं टेडी बेअर त्यांच्याकडे दुरुस्तीला आणलं. पाठीची शिवण उसवलेली, एक हात लोंबकळणारा, नाकाचे टाके झिजून गेलेले. ताईंनी ते नीट करून दिलं आणि तेव्हापासून त्या कामानं त्यांना जे धरलं ते सोडलंच नाही. मोहेरचं, म्हणजे शेळीच्या केसांचं लवदार कापड, काचेचे डोळे, सांध्यांच्या चकत्या कुठून मागवायच्या, हे आजींनीच दाखवलं. आज ताई नऊ इंचांची, मान-हात-पाय फिरणारी अस्वलं हातानं शिवतात. एकाला चार-पाच दिवस लागतात. किंमत अडीच हजार. घेणारे बहुतेक हिवाळ्यात येऊन राहणारे परदेशी पाहुणे.

आता कळंगुटच्या एका दुकानदारानं महिन्याला पन्नास नगांची ऑर्डर देऊ केली आहे, नगाला सहाशे रुपये. कापड सिंथेटिक, सांधे नकोत, पोटावर ‘गोवा’ असं भरलेलं हवं आणि लेबल दुकानाचं. दीर म्हणतात, आठ-आठ हजारांवर दोन मुली ठेव आणि घे ऑर्डर. यजमान म्हणतात, म्हापशाच्या बाजारात दोनशेला टेडी मिळतो, तुझा अडीच हजारांचा लोक किती दिवस घेणार? एका गिऱ्हाइकाला जर्मन कंपनीसारखं कानात बटण लावून हवं आहे. नणंदेला नातवाच्या बारशाला एक हवं आहे, अर्थात फुकट. शेवटी ताई विचारतात: “मी साधी शिवणकाम करणारी बाई. एका खेळण्यावर एवढा जीव टाकणं हा माझा हट्ट तर नाही ना? पन्नासांची ऑर्डर घेऊ, की महिन्याला माझी पाच-सहाच करत राहू?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी आधी कागद-पेन हातात घेतलं. पत्रात आकडे बरेच आहेत, पण त्यांची बेरीज कुठे दिसत नाही. ती आधी करू या, म्हणजे बाकीचं बोलणं सोपं जाईल.

तुम्ही लिहिता की मोहेरचं कापड हातात पडेपर्यंत मीटरला बारा हजारांच्या घरात जातं आणि एका मीटरमध्ये तुमची आठ अस्वलं बसतात. म्हणजे एकेकाच्या अंगावर दीड हजाराचं कापड आहे. डोळे, चकत्या आणि पिना, भरण, नाकाचा दोरा, तळव्यांची फेल्ट (दाबून केलेलं लोकरी कापड), खोका, हे सगळं तुमच्याच हिशोबानं पाचशे. झाले दोन हजार. विकता अडीच हजाराला. चार-पाच दिवस मान मोडून काम केल्यावर हातात उरतात पाचशे रुपये. अस्तराच्या ब्लाउजला तुम्ही चारशे घेता आणि तो तीन तासांत होतो असं तुम्हीच लिहिलं आहे. यजमानांना तुमचं अस्वल महाग वाटतं, मला ते फार स्वस्त वाटतं. आणि ते एवढं स्वस्त विकताय म्हणूनच दुकानदाराची ऑर्डर तुम्हाला मोठी दिसते आहे.

त्या ऑर्डरचीही बेरीज करा. पन्नास गुणिले सहाशे, तीस हजार. सिंथेटिक फर, फायबर, दोरा, भरतकाम धरून नगाला दीडशे तरी जातील, म्हणजे साडेसात हजार. दोन मुलींचे सोळा. उरले साडेसहा. त्यात वीज, मशीनची दुरुस्ती, बिघडलेले नग, दुकानात नेऊन पोचवण्याचं पेट्रोल. शिवाय आठ हजार रुपये महिना हा पगार गोव्यातल्या किमान वेतनात बसत नाही. तुमच्यासारख्याच घरातून येणाऱ्या मुलींना कायद्यापेक्षा कमी देऊन हा धंदा उभा करायचा, हे तुमच्या स्वभावाला मानवेल असं पत्रावरून वाटत नाही. कायद्याप्रमाणे दिलंत तर काहीच उरत नाही. शिवाय तुमचा सगळा दिवस मुलींचं काम तपासण्यात जाईल. ब्लाउजही बंद आणि तुमची स्वतःची अस्वलंही बंद. दिरांचा हेतू चांगला आहे, घरात नियमित पैसा यावा असं त्यांना वाटतं. पण त्यांनी तीस हजार पाहिले, खर्च पाहिला नाही.

तेव्हा पन्नास की पाच, या प्रश्नातून आधी बाहेर या. त्याच्या मागे दुसरा प्रश्न दडला आहे: तुमचं अस्वल घेणारा माणूस कोण? यजमान, दीर, दुकानदार, तिघांनीही तो खेळणं घेणारा माणूस आहे असं धरलं आहे. मला वाटतं मनातून तुम्हीही तसंच धरलं आहे, नाहीतर ‘खेळण्यावर जीव टाकते’ असं लिहिलं नसतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोनशेचा टेडी घेणारी आई तो पोरासाठी घेते. पोर त्याला मातीतून ओढणार, तो चोखणार, वर्षानं तो अडगळीत जाणार. दोनशे रुपये ही त्याची रास्त किंमत आहे. तुमच्याकडे येणाऱ्या त्या बायका आणि पुरुष, पुरुषही असतात असं तुम्ही लिहिलंत, आपल्यासाठी घेतात. ते संग्राहक आहेत. ते अस्वल कपाटात बसवतात, त्याला नाव देतात, कोणी शिवलं ते लक्षात ठेवतात आणि पुढच्या वर्षी त्याच हातचं दुसरं मागायला येतात. या दोन गिऱ्हाइकांची तुलना करून किंमत ठरवाल, तर दर वेळी तुम्हीच हराल.

हा संग्रहाचा नाद जुना आहे आणि त्यामागे खूप काही आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर ऊर्फ ‘टेडी’ रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले होते. बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. त्यावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं आणि ते पाहून ब्रुकलिनच्या मॉरिस मिचटम यांनी दुकानात कापडी अस्वल मांडलं, ‘टेडीचं अस्वल’ म्हणून. त्याच वर्षी जर्मनीत गिंगेन गावच्या श्टाइफ कंपनीत रिचर्ड श्टाइफ यांनी सांधे हलणारं अस्वल बनवलं. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्यानं त्यातली तीन हजार मागवली आणि तिथून पुढे सगळं सुरू झालं. १९९४ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात १९०४ च्या सुमाराचं एक श्टाइफ अस्वल १,१०,००० पौंडांना गेलं. ते अस्वल कर्नल बॉब हेंडरसन नावाच्या माणसाजवळ जन्मभर होतं. बालपणापासूनचे फोटो, कोणाचं होतं, कुठे-कुठे गेलं, सगळं ठाऊक. त्याच काळातली त्याच कंपनीची दुसरी अस्वलंही होती, त्यांना एवढी किंमत आली नाही. मोठे आकडे दाखवून तुम्हाला स्वप्नं विकायची नाहीत. एवढंच सांगायचं आहे की संग्राहक कापडाच्या बरोबरीनं त्या वस्तूची खात्रीची हकीकत विकत घेतो. ती हकीकत लिहून ठेवणं तुमच्या हातात आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या अस्वलापासून जे आठवेल ते लिहा आणि यापुढे प्रत्येकाला क्रमांक द्या. तारीख, उंची, कापड कोणतं आणि कुठल्या गिरणीचं, डोळ्यांचा आकार, भरण, सांधे कसले, कोणी घेतलं. पूर्ण झाल्यावर समोरून, बाजूनं आणि पाठीमागून फोटो. एखाद्या नमुन्याची पाचच करणार असं ठरवलंत तर ते आधी सांगा, ‘पाचातलं दुसरं’ असं चिठ्ठीवर लिहा, आणि सहावं कधीही करू नका, कोणी दुप्पट पैसे देतो म्हणाला तरी. संग्राहकाचा विश्वास एकदा गेला की परत येत नाही आणि ही माणसं एकमेकांना ओळखतात.

आता तुमच्या ‘साधी शिवणकाम करणारी’ बद्दल. ज्या कंपनीचं बटण त्या गिऱ्हाइकाला हवं आहे, ती कंपनी सुरू करणाऱ्या मार्गारेट श्टाइफ शिवणकाम करणाऱ्याच होत्या. लहानपणी पोलिओ झाला, पाय गेले, उजव्या हातात जोर नव्हता. चाकांच्या खुर्चीत बसून त्या कपडे शिवायच्या. १८८० मध्ये त्यांनी फेल्टचा एक लहान हत्ती केला, टाचण्या टोचून ठेवायला. मुलांनी तो खेळायला घेतला आणि त्यांचं काम त्या वाटेला लागलं. पण तुम्हाला धीर द्यायला मला जर्मनीपर्यंत जायची गरज नाही. तुम्ही फोटोसोबत जे लिहून पाठवलं आहे, तेच पुरेसं आहे.

तुम्ही लिहिलंय की कापड उलट्या बाजूनं बेतता, लवीचा रोख बघून प्रत्येक तुकड्यावर बाण काढता, आणि कापताना कात्रीचं फक्त टोक विणीखाली सरकवता, म्हणजे लव न कापता कापडच कापलं जातं. डोक्याच्या मधली पट्टी शिवताना कटोरी ब्लाउजची गोलाई बसवण्याचा हात उपयोगी पडला, हेही लिहिलंय. वीस वर्षं कटोऱ्या बसवलेल्या हातालाच हे सुचतं. नंतर थूथन, म्हणजे नाक-तोंडाचा पुढे आलेला भाग, आधी घट्ट भरायचं, मग गाल. डोळे लावण्याआधी काळ्या डोक्याच्या टाचण्या टोचून अस्वल समोर ठेवायचं आणि तासभर येता-जाता बघायचं. टाचणी एक सूत खाली आली की चेहरा रुसलेला दिसतो, एक सूत आत आली की लबाड. पसंत पडलं की लांब सुईनं जाड दोरा मानेमागून ओढून काचेचे डोळे थोडे आत खेचायचे, म्हणजे त्यांना खोबण मिळते. नाकाचे टाके एकाला एक चिकटून, वरची कड सरळ येईपर्यंत उसवून पुन्हा. तुमच्या शेवटच्या तीन फोटोंमधली नाकं मी मोठी करून पाहिली. दोन अगदी नेटकी आहेत. तिसऱ्याचा डावा कोपरा किंचित उतरला आहे. संग्राहक पहिल्यांदा तिथेच बघतो, म्हणून सांगितलं. हे काम दोन नव्या मुली महिन्यात शिकणार नाहीत आणि सहाशे रुपयांत ते करूही नये.

कानातल्या बटणाला मात्र स्पष्ट नकार द्या. श्टाइफच्या कानात बटण १९०४ पासून आहे आणि ती त्या कंपनीची नोंदणी केलेली ओळख आहे. तसं बटण लावणं म्हणजे दुसऱ्याची सही करणं. कायद्याची अडचण आहेच, आणि उद्या तुमचं नाव झालं तर हीच गोष्ट पहिल्यांदा काढली जाईल. हाच नियम नमुन्यांना लावा. आजींनी दिलेले कागदी नमुने कोणाचे आहेत ते त्यांना विचारा. पुस्तकातले किंवा विकतचे असतील, तर ते शिकायला ठीक. त्यावर केलेली अस्वलं विकायची असतील तर नमुना करणाऱ्याची परवानगी बघावी लागते. यापुढे तुमचा स्वतःचा नमुना हवा.

इथे मला एक सुचवायचं आहे, आणि हे मी मोठ्या आवडीनं सुचवते आहे. तुम्ही आतापर्यंत केलेली सगळी अस्वलं मधाच्या रंगाची, गोल डोक्याची, युरोपातली आहेत. आपल्या म्हादईच्या, मोलेच्या, खोतीगावच्या रानात अस्वल आहे. काळं, झिपरं, लांब फिकट थूथन, खालचा ओठ जरा लोंबलेला, छातीवर पांढरी चंद्रकोर, पायांना लांब हस्तिदंती नखं. सत्तरी तालुक्यातल्या जुन्या माणसांना विचारा, ते कसं चालतं, कुठल्या झाडावर मधासाठी चढतं, हे सांगतील. जर्मनीत किंवा जपानमध्ये बसलेल्या संग्राहकाकडे मधाच्या रंगाची शंभर अस्वलं असतील. गोव्याच्या रानातलं, ते अस्वल जिथे राहतं तिथल्याच बाईनं शिवलेलं, बहुधा नसेल. लांब लवीचं काळं मोहेर मिळतं. थूथनाला आखूड लवीचं राखाडी घ्यावं लागेल, नखं जाड दोऱ्यानं भरता येतील. पहिली दोन-तीन बिघडतील, विशेषतः थूथन कुत्र्यासारखं दिसू लागेल, त्यासाठी आधी स्वस्त कापडावर करून बघा. डोळे बारीक ठेवा आणि जवळजवळ. मोठे डोळे लावलेत की ते लाडिक होतं आणि त्याचं रानटीपण जातं.

भरणाचाही विचार करा. पहिल्या महायुद्धानंतरच्या इंग्रजी अस्वलांत कपोक भरलेलं सापडतं, आणि कपोक म्हणजे आपल्या उशांतला सावरीचा कापूस. हलका असतो, पाणी लवकर धरत नाही. डोकं पॉलिएस्टर फायबरनं घट्ट आणि पोट सावरीच्या कापसानं मऊ, असं करून बघा. बिया आणि कचरा नीट निवडायला हवा, नाहीतर आतून किडे लागतात. तळव्यांना कुणबी साडीचा तुकडा लावायचा मोह होईल, पर्यटकांना ते आवडेल असं कोणीतरी सांगेलही. माझं मत विचाराल तर नको. अस्वल गोव्याचं आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून कळू दे.

आता किंमत. ब्लाउजवर तुम्हाला तासाला साधारण सव्वाशे रुपये सुटतात. अस्वलाला तीस तास लागतात. पावणेचार हजार मजुरी, दोन हजार सामान, पावणेसहा हजारांवर तुम्ही कुठे बरोबरीला येता. वाया गेलेलं कापड, फोटो, पार्सल धरून साडेसहा हजार ही खरी किंमत. ब्रिटनमध्ये नाव असलेल्या कारागिरांची मोहेरची अस्वलं शंभर-दोनशे पौंडांना जातात, तेव्हा ही किंमत जगावेगळी नाही. पण एका रात्रीत अडीचवरून साडेसहावर जाऊ नका. सध्याच्या नमुन्याचं पुढचं अस्वल साडेतीनला, नव्या नमुन्याचं पहिलं पाच हजारांना, असं चढत जा. एकदा चढवलेली किंमत ओळखीपाळखीत उतरवायची नाही. ज्यानं पाच हजार दिले त्याला दुसऱ्या दिवशी तेच तीन हजारांना मिळालेलं कळलं, तर तो गेला. तुमच्याकडून घेणारे निम्मे लोक पाठ फिरवतील. फिरवू दे. महिन्याला पाच-सहाऐवजी तीन केलीत तरी हातात आत्तापेक्षा जास्त येईल आणि उरलेल्या दिवसांत ब्लाउज शिवता येतील. ब्लाउज अजिबात बंद करू नका. चवथीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत ज्या बायका तुमच्या दारात येतात, त्यांच्यामुळेच तुम्ही कळंगुटच्या दुकानदाराला नाही म्हणू शकता.

नियमांचा भाग थोडा रुक्ष आहे, पण वाचा, कारण अशी पत्रं मला बाहुल्या आणि विणलेले प्राणी करणाऱ्या बायकांकडूनही येतात. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचं आय.एस.आय. चिन्ह सक्तीचं आहे. केंद्र सरकारच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून स्वतः विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणून आधी कारागीर म्हणून नोंदणी करा, ‘पहचान’ ओळखपत्र घ्या. पणजीत राज्याच्या हस्तकला खात्यात गेलात तर अर्जाची वाट दाखवतील. आणि दुकानदाराला हे जरूर विचारा: पगारी मुलींनी केलेले पन्नास नग, त्याच्या लेबलाखाली, मुलांसाठी म्हणून विकले, तर ते चिन्ह कोण घेणार? त्यानं हा विचार केला नसेल, तर अडकणार तुम्ही.

तुमची संग्राहकांची अस्वलं मुलांसाठी नाहीत हे प्रत्येक खोक्यावर आणि चिठ्ठीवर ठळक लिहा: ‘संग्राहकांसाठी, १४ वर्षांवरील व्यक्तींकरिता, हे खेळणं नाही.’ इंग्रजीतही लिहा. पण नुसतं लिहून भागत नाही. तेच अस्वल फोटोत पाळण्यात ठेवलंत तर त्या चिठ्ठीला अर्थ राहत नाही. काचेचा डोळा तारेच्या कडीवर असतो, तो निसटून बाळाच्या तोंडात गेला तर काय होईल हे मी वेगळं सांगायला नको.

म्हणून नणंदेला तुमचं संग्राहकांचं अस्वल देऊ नका, पैसे देत असली तरी नको. बारशासाठी वेगळं करून द्या: सुती कापड, सांधे नाहीत, डोळे-नाक दोऱ्यानं भरलेलं, आत पॉलिएस्टर, बटण-मणी-रिबिन काही नाही, शिवण दुहेरी, धुता येणारं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, नणंदेच्या नातवाला मामीआजीची भेट म्हणून आनंदानं द्या. तिला राग येणार नाही. आला तर कारण सांगा, बाळाच्या जिवाचं कारण कोणालाही पटतं.

परदेशी पाठवायची घाई नको. निर्यातीसाठी आय.ई.सी. (आयातदार-निर्यातदार) क्रमांक लागतो, तो पाचशे रुपयांत ऑनलाइन मिळतो, आणि टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, म्हणजे वाट बंद नाही. पण अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली आहे. युरोपियन युनियनमध्ये १३ डिसेंबर २०२४ पासून नवा सुरक्षा नियम लागू आहे, त्यात तिथलाच एक जबाबदार माणूस किंवा संस्था नेमावी लागते. तीन अस्वलांसाठी हा व्याप कशाला? तुमचे गिऱ्हाईक ऑक्टोबर ते मार्च तुमच्या दारापासून तासाभराच्या अंतरावर राहायला येतात आणि आपल्या हातानं अस्वल घेऊन जातात. आधी त्यांच्यापर्यंत पोचा. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, तिथे येणारा माणूस हातच्या कामाला किंमत देतो. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात एकदा फिरून या, पण तिथे मांडू नका. तिथे घासाघीस करायलाच लोक येतात. पणजीत फोंतेन्हासमधल्या एखाद्या लहान कलादालनात दोन अस्वलं ठेवून बघा. ते तीस-चाळीस टक्के घेतील, हे आधीच हिशोबात धरा. इन्स्टाग्रामवर मुंबई, पुणे, बेंगळुरूचे लोकही सापडतील. तिथे तयार अस्वलापेक्षा तुम्ही डोळ्यांच्या टाचण्या हलवताना दिसलात, तर लोक जास्त थांबतील.

आपल्या हवेचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगते, कारण जूनपासून तुमचं भांडवल कपाटात पडून असतं. मोहेर हे अंगोरा शेळीचे केस. त्याला कसर लागते, आणि आपल्या पावसात बुरशी. कापड पावसाआधी सावलीत, वाऱ्यावर नीट सुकवा आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेल मधून-मधून तापवून कोरडं करावं लागतं. डांबरगोळ्या नकोत, तो वास मोहेरमधून जाता जात नाही आणि वासासाठी अस्वल परत आलेलं कोणालाच आवडणार नाही. जुनं अस्वल दुरुस्तीला आलं तर ते तुमच्या कापडाजवळ आणण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा, कसरीची अंडी मरतात. सांध्यांच्या पिना स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. साध्या लोखंडाच्या पिना समुद्राच्या हवेत गंजतात आणि तो डाग आतून कापडावर उठतो. दुरुस्तीचं काम मात्र जरूर घ्या. त्यात सामानाचा खर्च नगण्य, आणि जुन्या अस्वलाच्या आत काय-काय आहे हे शिकायला दुसरी शाळा नाही.

यजमानांबद्दल दोन शब्द. ‘ते माझ्या कामाला किंमत देत नाहीत’ असं तुम्ही लिहिलं आहे. तसं असेलही. पण खाण बंद पडताना ज्या माणसानं दर महिन्याचा पगार एका दिवसात जाताना पाहिला, तो हौशीच्या उत्पन्नाला घाबरणारच. आणि आजवर तुम्ही त्यांना अस्वलं दाखवलीत, हिशोब दाखवला नाहीत. तो दाखवला असता तर त्यात पाचशेच रुपये निघाले असते, म्हणजे त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. वर केलेली बेरीज त्यांच्यासमोर वहीत लिहा. दिरांनाही बसवा. मग त्यांच्याकडून मुदत मागून घ्या: या दिवाळीपासून पुढच्या चवथीपर्यंत, महिन्याला तीन अस्वलं, नवी किंमत, ब्लाउज चालू. अस्वलांचे पैसे वेगळ्या खात्यात. त्यातून आधी पुढचं कापड, उरलेलं घरात. चवथीला वही उघडून तिघांनी बघायचं. मुलीच्या दहावीच्या वर्षात तुम्ही घरचे पैसे कापडात अडकवू नयेत हेही मला वाटतं; एका वेळी एका मीटरपेक्षा जास्त मागवू नका, ते संपल्याशिवाय दुसरं नको.

दुकानदाराला चिडून नाही म्हणू नका, तो उद्या उपयोगी पडेल. त्याला सांगा: पन्नास जमणार नाहीत. हवी असतील तर हंगामात माझ्या नावाची, माझ्या किमतीची दोन अस्वलं तुमच्या काचेच्या कपाटात ठेवते, विकली की तुमचा हिस्सा घ्या, न विकली तर मार्चमध्ये परत नेईन. कागदावर लिहून दोघांच्या सह्या. हे त्याला पटलं नाही तर नमस्कार करून निघा.

आणि लेबल दुकानाचं नाही, कुठलं इंग्रजी सुचवलेलं नावही नाही. तुमचं नाव, गावाचं नाव, क्रमांक. सुती फितीवर दोऱ्यानं भरा, शाईनं लिहू नका, पावसात शाई पसरते. पाठीची शिवण शेवटी हातानं बंद करता, त्याच शिवणीत फितीची दोन्ही टोकं आत घेऊन टाके घाला, म्हणजे शिवण उसवल्याशिवाय लेबल निघणार नाही.